गर्जे मॅडमच्या कांद्याच्या चिंध्या

खरं सांगू का, मी हे लिहिणारच नव्हते. कॉलेजच्या अंकासाठी व्यक्तिचित्र द्या असं सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी हात वर करणारी मीच, आणि नंतर लिहून लिहून पुसून टाकणारी पण मीच. कारण गर्जे मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "माझ्यावर काय लिहितीस गं, छबूवर लिही." छबूला फोन केला तर ती म्हणाली, "माझ्यावर कुणी लिहिलं ना की त्यात मी लई बिचारी दिसते बघ. तू मॅडमवर लिही." दोघींनी एकमेकींवर ढकललं आणि फोन ठेवून दिला. मग मी पण म्हणलं, जाऊ दे, नाव मागं घेते. पण परवा एसटीत शेजारी एक मावशी कांद्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, तो वास आला आणि मी मोबाईल काढून सरळ टाईप करायलाच लागले. त्यामुळं जसं आठवतंय तसं आहे. मागंपुढं झालं तर समजून घ्या.

आमचं गाव आष्टीकडच्या कडा गावाजवळ. आमच्या गावातल्या हायस्कूलला गर्जे मॅडम विज्ञान शिकवतात. नाव मुक्ता, पण शाळेत ते कुणी घेत नाही. बुटक्या आहेत, आवाज मात्र ग्राउंड ओलांडून पलीकडच्या बाभळीपर्यंत जातो. फळ्यावर चुकलं की डस्टर शोधत बसत नाहीत, पदरानंच पुसतात, म्हणून प्रत्येक साडीचं टोक पांढरं. आणि एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याच शिक्षकात बघितली नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही की त्या चिडत नाहीत, खूश होतात. डोळे असे मोठे करतात आणि म्हणतात, "हां! हे मला बी माहीत न्हाई. चला, बघू."

त्यांचे मिस्टर सुग्रीव काका. गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासायचं काम त्यांच्याकडं होतं. होतं म्हणते, कारण मी सांगतेय ती गोष्ट २०१८-१९ च्या दुष्काळातली, आणि त्या वर्षी संस्थाच बंद पडली. पाऊस पडला म्हणावा असा पडलाच नव्हता. जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, संस्थेचे कॅन धुऊन पालथे घातले आणि काका घरी येऊन बसले. पाणी टँकरचं. ते प्यायला आणि भाकरीला. हात धुवायला म्हणून पाणी कुणी घेतच नव्हतं, बायका मातीनं हात चोळायच्या आणि लुगड्याला पुसायच्या.

मी तेव्हा नववीत होते आणि छबू माझ्या बाकावर. छबूला जन्मापासून दिसत नाही. घरचा धंदा मेंढरांचा. तिचे वडील हरिबा काका त्या साली मेंढरं घेऊन चाऱ्यामागं गोदावरीकाठाला गेलते. छबू आणि तिची आई साखराबाई गावात राहिल्या, कारण छबूची शाळा. साखराबाई कड्याला व्यापाऱ्याच्या शेडवर कांदा निवडायला जायची, मोठा एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं, सडका बाहेर. सुट्टीच्या दिवशी छबू पण जायची. तिचे हात आईपेक्षा भराभर चालायचे, दाबून बघितलं की सडका लगेच कळायचा तिला.

छबू आमच्यासारखीच आमच्या शाळेत, आमच्याच वर्गात. ब्रेल शिकवायला एक सर अधूनमधून यायचे, त्यामुळं मराठीचं पुस्तक ती बोटांनी वाचायची. विज्ञानाचं ब्रेल पुस्तक मात्र आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मग मी मोठ्यानं वाचायचं आणि तिनं ऐकायचं असं चाललं होतं. मी वाचते पण रेल्वेसारखी. छबू म्हणायची, "स्टेशनला थांब की गं जरा."

मॅडमना अशा मुलांना कसं शिकवायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या स्वतःच सांगायच्या, मला काय येत नाही बाबा. म्हणून घरी डोळ्याला पंचा बांधून स्वयंपाक करून बघायच्या. सुग्रीव काका म्हणायचे, "आज भाजीत मीठ न्हाई, म्हंजी विज्ञानाचा तास झालेला दिसतोय."

एकदा त्यांनी पेशी बनवून आणली. पुठ्ठ्यावर सुतळी गोल चिकटवलेली, आत लोकर, आणि केंद्रकाच्या जागी शर्टाचं बटण. छबूनं शांतपणे सगळीकडं बोटं फिरवली.

"कळलं का गं?"

"कळलं मॅडम. गोधडी हाय."

सगळा वर्ग हसत सुटला. मॅडम पण. मग छबू म्हणाली, "न्हाई, खरंच सांगा, हे खरं केवढं असतं?"

"लई बारीक."

"मोहरीएवढं?"

"मोहरीत असल्या ढिगानं मावतील."

"मग तुमाला तरी कसं दिसतं ते?"

"मला बी दिसत न्हाई. मायक्रोस्कोप लागतो."

"मग बरंय," छबू म्हणाली, "इथं आपण सगळे सारखेच."

मला वाटतं तिथून मॅडमनी असले पुठ्ठे बनवायचे सोडले आणि छबूला आधीच काय काय कळतं ते शोधायला लागल्या.

टँकरवर बघितलं त्यांनी. पाईप छबूच्या हातात दिला की हंड्यातून थेंब सांडायचा नाही, भरायच्या आत ती पाईप उचलून पुढच्या हंड्यात. बायका आपल्या भांडत होत्या, मॅडम मात्र स्वतःचा नंबर सोडून तिच्याशेजारी जाऊन उभ्या. "काय गं, तुला कसं कळतं भरत आला ते?"

"आवाज बारीक हुतो की मॅडम. सुरवातीला जाडा असतो."

"आणि कावून बारीक हुतो?"

"हे मातर न्हाई माहीत."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाटल्याच बाटल्या. फुंकून वाजवायच्या, थोडं पाणी घालायचं, परत वाजवायच्या. हवा किती उरली की आवाज कसा बदलतो, ते छबूनं आम्हाला सांगितलं, आम्ही नुसतं फुंकत होतो. तेवढ्यात हेडसर दारात. त्यांचं नाव धोंडीराम, पण सगळं गाव हेडसरच म्हणायचं.

"मॅडम, लोकांला प्यायला पाणी न्हाई आन् तुमी बाटल्या वाजिवता!"

"सर, परत हंड्यातच वतणार हाय."

"उष्टं?"

ते पाणी शेवटी शाळेतल्या कडुलिंबाला गेलं.

हेडसर वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते, कारण पुढं वाचून तुम्हाला राग येईल त्यांचा. फेब्रुवारीत त्यांनी साखराबाईला शाळेत बोलावून घेतलं. मॅडम होत्या, छबू होती, आणि छबूचा हात धरून नेणारी म्हणून मी.

"साखराबाई, असंय, ह्या पोरांना दहावीला सवलत मिळती. विज्ञान सोडून त्याच्या जागी दुसरा विषय घेता येतो. आत्ताच ठरवू, म्हंजी वर्षभर त्याचीच तयारी."

"मला न्हाई सोडायचं," छबू.

"बाळा, मी दुश्मन हाय का तुझा? समज विज्ञानात गेलीस तू. दहावी नापास. तुझा बाप म्हणंल, झाली तेवढी शाळा बास, चल मेंढरामागं. मग परत आणायची जिम्मेदारी कुणाची? खरं का न्हाई, साखराबाई?"

साखराबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "तेबी खरंच हाय, सर. ते आत्ताच म्हणत्यात."

खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हणूनच मला रडायला यायला लागलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, ती करती विज्ञान."

"ऐकून पाठ करती. प्रयोग करती का? एकटी? कुणी कानात न सांगता?"

"करती."

"मग सोमवारी माझ्यासमोर करून दाखवा एक. जमला तर विज्ञान राहील. न्हाई जमला तर मॅडम, तुमी परत हा विषय काढायचा न्हाई."

"चालंल," मॅडम म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, कुठला प्रयोग? तर म्हणाल्या, "मला काय माहीत!"

नववीला तेव्हा आमचं आम्ल आणि आम्लारी चाललं होतं. आमच्यासाठी सोपं, लिटमसचा कागद बुडवा, लाल झाला की आम्ल, निळा झाला की आम्लारी. छबू म्हणायची, लाल आणि निळं मला तुमीच सांगणार, मग त्यात मी काय केलं? मॅडमनी घरातली सगळी जुनी पुस्तकं खाली काढली. एका पुस्तकात एक ओळ सापडली, की काही पदार्थांचा रंग नाही तर वास बदलतो, कांद्याचा सुद्धा. बस, तेवढीच ओळ. त्या उठून सुग्रीव काकांना म्हणाल्या, आम्लारी म्हणून कॉस्टिक सोडा पाहिजे, आम्ल म्हणून तेजाब पाहिजे. आता ही दोन्ही बंद पडलेल्या दूध संस्थेच्या कपाटात तशीच पडून होती. काकांनी चेअरमनला विचारून थोडं थोडं आणून दिलं आणि म्हणाले, "दूध न्हाई तपासायला, तर घ्या आता कांदा तपासा."

मॅडमनी जुन्या धोतराच्या चिंध्या केल्या, कांदा बारीक चिरला, दोन्ही एका डब्यात घालून झाकण लावून ठेवलं. सकाळी चिंध्यांना कांद्याचा वास. मग एका चिंधीवर पाण्यात पातळ केलेल्या तेजाबाचे थेंब, दुसरीवर पातळ कॉस्टिकचे, थोड्या पाण्यानं दोन्ही खळबळून काढायच्या आणि वास घ्यायचा. तेजाबाच्या चिंधीला कांदा तसाच. कॉस्टिकच्या चिंधीचा कांदा गायब! मॅडम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या म्हणे की शेजारीण भिवराबाई काठी घेऊन आली, तिला वाटलं साप निघाला.

शाळेत छबूनं करून बघितलं. पटापट ओळखलं तिनं. पण ओळखण्यापेक्षा तिचं दुसरंच चाललं होतं. "मॅडम, वास गेला कुठं पण? धुऊन गेला म्हणावं तर तेजाबाचा बी जायला पाहिजे हुता. मग?" मधल्या सुट्टीत, घरी जाताना, सगळीकडं तेच. गेला कुठं, गेला कुठं. मी म्हणलं, बाई, गावाला गेला.

शुक्रवार शनिवार बरोबर आलं. सोमवार उजाडला.

प्रयोगशाळेत हेडसर खुर्चीवर, मॅडम खिडकीपाशी, आणि मला पाणी वतायला लोटा घेऊन उभं केलं होतं, एक शब्द बोलायचा नाही या अटीवर. साखराबाई दाराशी बसलेली. हेडसरांनी स्वतः दोन चिंध्या तयार केल्या, छबूला न सांगता. मी पाणी घातलं. छबूनं एक चिंधी बोटात धरून नाकाला लावली. खाली ठेवली. दुसरी लावली. परत पहिली. परत दुसरी.

"दोन्हीला कांदा हाय," ती म्हणाली.

मॅडमनी पुढं होऊन दोन्ही चिंध्यांचा वास घेतला, त्यांच्या तोंडावरूनच कळलं मला, एकीला वास नव्हता. पण त्यांना पण बोलायची परवानगी नव्हती ना. हेडसर खुर्चीतून उठले. "झालं मॅडम. मी काय म्हणत हुतो?"

"थांबा की सर," छबू म्हणाली.

"आता काय थांबायचं?"

"असं हुईलच कसं? शनिवारी एकीचा जात हुता. मला एक कोरी चिंधी द्या. कांद्यात ठेवलीच न्हाई अशी."

हेडसरांनी मॅडमकडं बघितलं. "द्या," म्हणाले. त्यांना पण आता बघायचं होतं, मी शपथेवर सांगते.

कोरी चिंधी दिली. छबूनं हुंगली. "हिला बी कांदा हाय."

"आता कोऱ्या फडक्याला बी कांद्याचा वास यायला लागला!"

"कोरी हाय ना नक्की?"

"अगं माझ्यासमोर फाडली धोतराची."

छबूचं डोकं चालायला लागलं की ती मान एका अंगाला कलती करते, तशी केली. आणि मग तिनं काय करावं, हातातली चिंधी ठेवून दिली आणि स्वतःची बोटं हुंगली. आणि हसायलाच लागली.

"सर, कांदा चिंधीला न्हाई. कांदा मला हाय! काल आयतवार, दिसभर आईसंगं कड्याला कांदा निवडला. हात मातीनं पुसले नुसते."

साखराबाईनं दारातून कपाळाला हात लावला. "मीच नेलती हिला!"

मी लगेच लोटा पुढं केला. छबूनं हात चोळून चोळून धुतले, हुंगले, आणि म्हणाली, "न्हाई जात. दिसभराचा हाय ते." मग म्हणाली, "दुसऱ्या कुणीतरी चिंधी धरा, मी नुसती हुंगते. सर, तुमीच धरा, म्हंजी तुमाला बी खोटं वाटायला नको."

हेडसरांनी कोरी चिंधी तिच्या नाकापुढं धरली. छबूनं वास घेतला आणि जरा अडखळली.

"सर, सांगू का?"

"सांग."

"तंबाखू येतुया."

मला ती अट पाळता आली नाही. मी एवढ्या जोरात हसले की लोटा हिंदकळला. मॅडमनी पदर तोंडात घातला. हेडसरांनी हात मागं घेतला, आणि मला पाठवलं खिचडीच्या शेडवरून चिमटा आणायला. मी पळतच गेले, पळतच आले.

मग छबूनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि हेडसरांनी चिमट्यानं चिंधी धरली. आधी कोरी. "काही न्हाई. आता कोरी खरंच कोरी हाय." मग पुढची. "कांदा." मग त्याच्या पुढची. बराच वेळ हुंगली तिनं. "ही नुसती ओली हाय. ही कॉस्टिकची, आधीची तेजाबाची."

बरोबर होतं. हेडसरांनी पाठ वळवून अदलाबदल केली, परत धरली. बरोबर. नव्या चिंध्या घेतल्या, परत. बरोबर. शेवटी छबूच म्हणाली, "सर, आता नाक दमलं. बाहेर जाऊन हवा घेऊन यीऊ का? न्हाईतर चुकंल."

हेडसर खाली बसले. "मॅडम, खरं सांगा. ती कोरी चिंधी मागायचं तुमी शिकवलतं का हिला?"

"न्हाई सर. माझ्या तर डोक्यात बी आलं नसतं. मी तिथं घाबरूनच गेलते."

"हूं." चिमटा त्यांच्या हातातच होता अजून. मग अगदी पोरासारखं विचारलं, "पण ह्यो वास जातो कुठं?"

मॅडमचे डोळे मोठे झाले. "हां! हे मला बी नीट माहीत न्हाई."

"मग हुडका. आन् मला बी सांगा."

"आणि विज्ञान, सर?" छबू.

"तू काय सोडणार हायस का? राहू दे."

साखराबाई उठून उभी राहिली. तिला रडावं का हसावं कळत नव्हतं. तिनं विचारलं, "सर, मंग आयतवारी कांद्याला नेऊ का नको हिला?"

"न्या की. परीक्षेच्या आदल्या दिशी नका नेऊ."

वासाचं उत्तर मॅडमनी नंतर कुणाकुणाला विचारून शोधून आणलं. कांद्याच्या वासात गंधक असलेले पदार्थ असतात आणि आम्लारीत त्यांचं दुसरंच काहीतरी तयार होतं, जे हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत येत नाही. छबूनं लगेच विचारलं, मग त्याच्यावर परत तेजाब टाकलं तर वास परत येईल का? मॅडमनी हे पण करून बघितलं. काय झालं ते मी इथं सांगत नाही, तुम्हीच जाऊन विचारा.

छबू दहावी पास झाली, विज्ञान घेऊन. हरिबा काका निकालाला गावात होते, त्यांनी शाळेत पेढे न वाटता मेंढीचं दूध आणून सगळ्यांना चहा पाजला, आणि तो चहा कुणालाच आवडला नाही. छबू आता आष्टीला कॉलेजला आहे आणि शनिवारी गावाकडं असली की मॅडमच्या तासाला जाऊन बसते, शिकायला नाही, भांडायला.

आता मी हे एवढं घाईनं का लिहितेय ते सांगते. मॅडम येत्या मे महिन्यात रिटायर होतायत. हेडसर आधीच झालेत, नवीन सर आलेत. आणि यंदा नववीत सिदू नावाचा मुलगा आहे, त्याला ऐकू येत नाही. त्याच्या घरच्यांना पण शाळेनं विचारलंय, की विज्ञान सोडून दुसरं काही घेता का. मॅडमनी त्याच्यासाठी फुगा आणला, फुग्याला गाल लावून त्याला आवाज कळतो. पण प्रतिध्वनी कसा शिकवायचा ते त्यांना अजून जमलेलं नाही. मागच्या आठवड्यात मी गेलते तर म्हणाल्या, "मी गेल्यावर ह्याच्यासंगं कोण डोकं लावणार गं? मला कुणीतरी पाहिजे, आत्ताच, म्हंजी दोघं मिळून करू आणि पुढं ते करतील."

मी बीएस्सीला आहे, मी जातेच आहे शनिवारी. पण मी एकटी पुरणार नाही, आणि मला मेलीला तर धीरच नाही. आपल्या कॉलेजातल्या ज्यांना पुढं बीएड करायचंय, ज्यांना करायचं नाही पण प्रश्न पडतात, त्या सगळ्यांना सांगते. कड्याला उतरा, स्टँडवर गर्जे मॅडमची शाळा विचारा, कुणी पण रस्ता दाखवेल. शनिवारी सकाळची शाळा असते. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसा, सिदू तुमच्याकडं वळून बघेल, तुम्ही पण बघा. रिटायर झाल्यावर सत्काराला जाऊ म्हणू नका, सत्काराला सगळेच येतात. या शनिवारी जा. जमलं नाही तर पुढच्या शनिवारी, पण मेच्या आत जा.